सूर्यघर योजनेत सौर बंबाला पण जागा द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या कॉलनीत सध्या ज्याच्या त्याच्या गच्चीवर सोलर पॅनेल चढतायत. चांगलं आहे, माझा काही विरोध नाही. सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा वर गेलात तर 78 हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं, 2024 सालापासून योजना चालू आहे, लोक फायदा घेणारच. पण परवा समोरच्या बंगल्यात पॅनेल बसवायला आलेली पोरं गच्चीवरचा जुना सोलर वॉटर हीटर, म्हणजे आपला सौर बंब, उतरवत होती. जागा अडते म्हणून. काचेच्या नळ्या काढून भिंतीला लावून ठेवल्या, टाकी भंगारवाल्याच्या गाडीत. मी मालकांना विचारलं, अहो चालू होता ना तो? म्हणाले चालू होता की, पण आता वीज फुकटच आहे, गीझर लावू. हे ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण आकडे तेवढे ठेवा.

मी कराडचा, एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेला मेकॅनिक. शिक्षण आयटीआय. पण पाणी तापवायला किती उष्णता लागते हे काढायला काही इंजिनिअर लागत नाही, शाळेत सातवी-आठवीत शिकवलेलं असतं, 1 लिटर पाणी 1 डिग्रीनं तापवायला 1 किलोकॅलरी. चार माणसांच्या घराला 100 लिटर कडत पाणी धरा, 25 डिग्रीवरनं 60 वर न्यायचं, म्हणजे 3500 किलोकॅलरी, म्हणजे विजेचे 4 युनिट. आता 1 किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडं दिवसाला सरासरी किती वीज देतं? तेच, 4 युनिट. म्हणजे तुमच्या गच्चीवरचं अख्खं एक किलोवॅट नुसतं अंघोळीतनं वाहून गटारीत गेलं! त्याला जागा पाच-सहा चौरस मीटर लागली. तेच काम सौर बंब दोन चौरस मीटरच्या कलेक्टरमध्ये (ऊन झेलणाऱ्या नळ्यांच्या चौकटीत) करतो, कारण उन्हाची वीज करताना पाचातला एक भाग हाताला लागतो आणि उन्हानं सरळ पाणीच तापवलं तर निम्म्याच्या वर लागतो. बरं पॅनेल वीज देणार दुपारी, गीझर लागणार पहाटे सहाला, तेव्हा सूर्य अजून उठलेला पण नसतो. म्हणजे दुपारची वीज महावितरणला द्या, पहाटे तिच्याकडनंच परत घ्या. पाण्याच्या टाकीत मात्र ऊन रात्रभर साठून राहतं, मीटर नाही, बॅटरी नाही, काही नाही.

ज्यांच्याकडं पॅनेल नाही त्यांचा हिशोब तर आणखी वाईट. रोज 4 युनिट म्हणजे महिन्याला 120. गरीब-मध्यम घरात दिवे-पंखे-टीव्ही-फ्रिज मिळून महिन्याचं बिल कसंबसं 100 युनिटच्या पहिल्या टप्प्यात बसवलेलं असतं, गीझरनं ते सगळं 101 ते 300 च्या टप्प्यात ढकललं जातं आणि तिथला दर तुम्हाला माहीत आहे. गॅसवर तापवायचं म्हटलं तर शेगडीवरची वाया जाणारी उष्णता धरून रोज अर्धा किलोच्या आसपास गॅस, म्हणजे 14.2 किलोचं एक सिलिंडर महिन्याला नुसतं अंघोळीत संपलं. म्हणून तर गॅसची उज्ज्वला योजना आली 2016 ला, सिलिंडर घरोघरी पोचलं, तरी आमच्या आजूबाजूच्या गावांत सकाळी जाऊन बघा, चहा-भाजी गॅसवर आणि अंघोळीचं पाणी मागच्या दारी तीन दगडांवर. बायका वेड्या नाहीत, त्यांना बरोबर कळतं सिलिंडर कुठं पुरवायचं. स्वयंपाकाच्या धुराबद्दल सगळे बोलतात, पाण्याच्या चुलीचा धूर कुणी मोजतच नाही.

आता बंबाचं सांगतो. आमच्या घरी तांब्याचा बंब आहे, वडिलांनी पुण्याच्या तांबट आळीतनं आणलेला, एसटीच्या टपावर दोरीनं बांधून. अजून आहे आणि अजून पेटतो. मधे उभं नळकांडं, खाली जाळी, त्यात वरनं जळण टाकायचं, भोवती पाणी. साधी गोष्ट आहे पण अक्कल बघा, जाळ चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला, खालनं हवा आणि वरनं ओढ, धुराडं आणि भांडं एकच. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की निम्मा जाळ हंड्याच्या बाजूनं निघून जातो, बंबात त्याला पाण्यातनंच वर जावं लागतं. चाळीस लिटरला किलो-दीड किलो जळण पुरतं, तेही चांगलं लाकूडच पाहिजे असं नाही. आम्ही वखारीतनं ढलप्या आणायचो, त्याशिवाय करवंट्या, शेंगांची टरफलं, शेणी, चिपाडं, मोडक्या खोक्याच्या पट्ट्या, सगळं खपायचं. बाभळीची ढलपी टाकली की नंतर तासभर निखारा राहायचा. घरात नियम एकच, ज्यानं बादलीभर पाणी काढलं त्यानं बादलीभर गार पाणी ओतायचं, नाहीतर बंब कोरडा पडून सांध्याचा डाख सुटायचा आणि मग वडिलांचा पट्टा. माझा एकदा सुटलाय, डाख पण आणि पट्टा पण.

पण उगाच गोडवे गात नाही. सोशल मीडियावर दिवाळी आली की बंबाचे फोटो फिरतात, झेंडूची माळ घातलेला बंब, घंगाळ, उटणं, "गेले ते दिवस". हे फोटो टाकणारे बहुतेक पुरुष असतात. आमची आई पहाटे साडेचारला उठून फुंकणी घेऊन बसायची, पावसाळ्यात ओली लाकडं, डोळ्यातनं पाणी, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की शेवटी तिची, तोवर निखारा विझत आलेला. म्हातारपणी तिचा खोकला काही शेवटपर्यंत गेला नाही, डॉक्टर विचारायचे बिडी ओढता का, ती म्हणायची बंब ओढला. मागे सरकारनं 1983 पासून निर्धूर चुलीचा कार्यक्रम देशभर चालवला, तेव्हाही जोर सगळा स्वयंपाकाच्या चुलीवर, न्हाणीच्या चुलाण्याकडं कुणी बघितलंच नाही. आणि बंब नेहमी मागच्या पडवीत किंवा अंगणात असायचा, बंद बाथरूममध्ये नाही, हेही लक्षात ठेवा. आता लोक दोन बाय दोनच्या बाथरूममध्ये गॅस गीझर बसवतात, खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही, आणि मग दर थंडीत पेपरात बातमी येते, अंघोळीला गेलेला मुलगा बेशुद्ध सापडला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हो. चुलीचा धूर निदान डोळ्यात जाऊन सांगतो तरी.

तर आईचा त्रास बघून मी 2012 साली 200 लिटरचा सौर बंब बसवला, 20 नळ्यांचा. तेव्हा केंद्राचं सोलर मिशन जोरात होतं, 2010 ला सुरू झालेलं, त्यात नुसती वीज नव्हती बरं का, पाणी तापवायच्या कलेक्टरचं पण टार्गेट होतं, 2022 पर्यंत 2 कोटी चौरस मीटर. 30 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळायचं. ते 2014 ला बंद केलं. पुढं 2022 च्या जुलैत सौर बंबावरचा जीएसटी 5 वरनं 12 टक्के केला, 2025 च्या सप्टेंबरला परत 5 वर आणला. म्हणजे दहा-बारा वर्षं पॅनेलवाल्याला पायघड्या आणि सौर बंबाला दाराबाहेर. का, तर वीज मेगावॅटमध्ये मोजून भाषणात सांगता येते, गरम पाणी कशात सांगणार, बादल्यांमध्ये?

माझा स्वतःचा अनुभव मात्र सुरुवातीला बेकारच होता, तोही सांगतो म्हणजे मी कंपनीचा माणूस आहे असं वाटायला नको. बसवणाऱ्यानं कलेक्टरचं तोंड रस्त्याकडं म्हणजे पश्चिमेला केलं होतं, का तर बंगला छान दिसतो. दक्षिणेला फिरवायला मला त्याच्याशी भांडावं लागलं. कराड साधारण 17 अक्षांशावर आहे, म्हणजे थंडीत सूर्य दक्षिणेला बराच खाली कललेला असतो, कडत पाणी लागतं ते थंडीतच, म्हणून स्टँड जरा उभा पाहिजे. त्यानं सगळीकडं बसवतो तोच ठेवला. परिणाम असा की मे महिन्यात टाकीतनं वाफा, कुणी अंघोळीला गरम पाणी मागत नसताना, आणि डिसेंबरमध्ये चौथ्या माणसाला कोमट. मी वर्कशॉपमधल्या मित्राकडनं स्टँडच्या मागच्या पायांना नऊ-नऊ इंचाचे तुकडे वेल्डिंग करून घेतले, तेव्हा जाऊन जमलं.

दुसरी गंमत, गंमत कसली, फटका. एका उन्हाळ्यात नळाची मेन लाइन फुटली, दोन दिवस पाणी नाही, वरची टाकी रिकामी, सौर बंब पण रिकामा आणि नळ्या दिवसभर कोरड्या उन्हात. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाणी आलं, मी आनंदानं कॉक सोडला. वरनं तडतड तडतड आवाज, मला वाटलं माकडं आली. गच्चीवर जाऊन बघतो तर सहा नळ्या फुटलेल्या आणि आत्ताच आलेलं पाणी जिन्यावरनं खाली. काच तापून लाल झालेली नसते दिसायला, पण आतली नळी कोरडी असली की भयंकर तापते, त्यावर गार पाणी पडलं की संपलं. बसवणाऱ्यानं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. रिकामा झालेला सौर बंब रात्री किंवा पहाटे भरायचा, दुपारी कधीही नाही, किंवा नळ्यांवर गोणपाट टाकायचं. एवढं एक वाक्य टाकीवर मराठीत लिहून चिकटवलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

आणि लोकांची मुख्य तक्रार, "सोलरला पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जातं". जातं ना! पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला साधारण 300 मिली पाणी मावतं, गच्चीपासून न्हाणीपर्यंत बारा मीटर पाइप असला तर साडेतीन लिटर आधी रात्रीचं गार पाणी येणार. माझ्या घरी तेवढंच येतं, ते एका बादलीत धरतो आणि तेच विसण म्हणून, म्हणजे कडत पाण्यात घालायचं गार पाणी म्हणून वापरतो. वाया काही जात नाही. 60 डिग्रीचं पाणी कुणी अंगावर घेत नाही, वीस लिटरच्या बादलीला कडत पाणी 11 लिटर पुरतं, बाकी विसणच घालायचं असतं. आताच्या पोरांना विसण हा शब्दच माहीत नाही, मिक्सर म्हणतात.

पण उंच बिल्डिंगमध्ये हाच प्रश्न मोठा होतो. माझा मुलगा पुण्यात बारा मजली सोसायटीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. तिथं इंची लाइन तीस-पस्तीस मीटर खाली येते म्हणजे पंधरा-सतरा लिटर गार पाणी आधी, शिवाय पाइपला कव्हर नाही, शिवाय बिल्डरनं काही ठिकाणी साधा पांढरा पीव्हीसी वापरलाय जो कडत पाण्यानं मऊ पडून वाकतो, तिथं सीपीव्हीसी पाहिजे. गरम पाणी खालनं परत वर फिरवत ठेवायची रिटर्न लाइन नकाशात आहे, प्रत्यक्षात नाही. मी गेलो होतो तेव्हा वॉचमनकडनं किल्ली घेऊन गच्चीवर गेलो (सून म्हणाली बाबा राहू दे, पण मेकॅनिकला राहवतंय होय). ओळीनं नळ्या लावलेल्या, लांबनं बघितलं तर काय रुबाब. जवळ जाऊन बघितलं तर त्यातल्या कितीतरी नळ्यांचा खालच्या टोकाचा चंदेरी भाग दुधासारखा पांढरा पडलेला. नळीच्या टोकाला आतनं आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो पांढरा झाला की समजायचं दोन काचांमधलं व्हॅक्यूम गेलं, ती नळी मेली. हात लावून पण कळतं, चांगली नळी बाहेरनं उन्हात सुद्धा फार तापत नाही, मेलेली हाताला चटका देते कारण उष्णता बाहेर पळते. सोसायटीतल्या कुणालाच पत्ता नव्हता, सगळ्यांच्या बाथरूममध्ये गीझर आहेत. मुलगा म्हणाला सोलर दाखवून मिळकतकरात सवलत मात्र मिळते. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पावसाचं पाणी साठवणं अशा गोष्टींना 5 ते 10 टक्के सूट देते, कल्पना उत्तमच आहे. पण सूट गच्चीवरच्या नळ्यांना नको, नळातनं येणाऱ्या कडत पाण्याला पाहिजे. दरवर्षी जानेवारीत सकाळी सात वाजता तळमजल्याच्या नळाला थर्मामीटर लावा, 45 डिग्री दाखवलं तर सूट द्या. यात कसली समिती आणि कसला अहवाल, थर्मामीटर दोनशे रुपयाला मिळतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पण सौर पाण्याची तरतूद आहे, तिथंही तेच, भोगवट्याचा दाखला मिळेपर्यंत बसवायचं, नंतर देवाची इच्छा.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर सौर बंब रुसतो, हे मान्य. पाटण-महाबळेश्वरकडं तर विचारूच नका. यावर सगळे म्हणतात टाकीत विजेची कॉइल टाका. मी काय केलं, सौर बंबाच्या लाइनला एक टी लावून मागच्या पडवीत जुन्या तांब्याच्या बंबावर एक कॉक आणला. ढगाळ दिवसात सुद्धा सौर टाकीत पाणी 36-38 डिग्री असतंच, अंघोळीला कमी पडतं पण गार नसतं. तेच पाणी बंबात सोडायचं आणि वर दोन-चार ढलप्या. थंड पाण्यावरनं सुरुवात करायच्या ऐवजी निम्म्या जळणात काम होतं, दहा-पंधरा मिनिटांत पेटवून विझवून मोकळे. फुंकणी आता मी मारतो, सौ. फक्त दिवाळीआधी चिंच लावून बंब घासते आणि घासताना मला ऐकवते. वर्षातले आठ-नऊ महिने बंब थंड, पावसाळ्यात रोज पाऊण किलो जळण. गीझर आमच्या घरी नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही, पाहुणे आले तर फक्त विचारतात की बटण कुठाय.

जळणाचं म्हणाल तर आमचा सगळा ऊसपट्टा आहे. तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, तिथंच पेटवून देतात, कृष्णाकाठानं संध्याकाळी बघा, काळा धूर आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. आणि त्याच गावात लोक अंघोळीच्या पाण्याला वखारीचं लाकूड विकत घेतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेनं याच पाचटाचा कोळसा करून दाखवला, त्याच्या कांड्या केल्या, 2002 साली त्याला ब्रिटनच्या ॲश्डेन संस्थेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार बाहेरच्यांनी दिला, आमच्या शिवारात पाचट अजून पेटतंयच. अशा कांड्या बंबात किती छान जळतील, धूर कमी, राख कमी. एखाद्या साखर कारखान्यानं मनावर घेतलं तर सभासदांना साखरेबरोबर पोतंभर कांड्या द्यायला काय हरकत आहे, सांगा.

माझं मागणं फार मोठं नाही. सूर्यघर योजनेत 78 हजार देता ना, त्यातच सोय करा की ज्याला पाहिजे त्यानं 3 ऐवजी 2 किलोवॅटचं पॅनेल घ्यावं आणि राहिलेल्या 18 हजारात सौर बंब. सरकारचा एक रुपया जास्त जाणार नाही. उलट पहाटे सहा ते आठ घरोघरी दोन-दोन किलोवॅटचे गीझर एकदम चालू होतात तो लोड कमी होईल, महावितरणनंच पुढं होऊन मागायला पाहिजे हे. आणि बसवणाऱ्यांना निदान एवढी सक्ती करा की तोंड दक्षिणेला आणि सूचना मराठीत.

समोरच्या बंगल्यातल्या त्या नळ्या मी मागून आणल्यात, वीसपैकी चौदा चांगल्या निघाल्या. टाकी तेवढी गेली.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
कराड

ता. क. — आमच्या बंबाची खालची बिडाची जाळी झिजून तुकडे पडलेत. सध्या जुन्या शेगडीची जाळी कापून बसवलीय पण ती वाकते आणि निखारे खाली पडतात. कराड-सातारा भागात बंबाची जाळी ओतून देणारं कुणी अजून असेल तर वाचकांनी पेपरातनं जरूर कळवावं, पुण्याला जायची तयारी आहे पण आता एसटीच्या टपावर सामान चढवून देत नाहीत.